साहेबांचं बीळ

१

उन्हाळा लागल्यापासून बाईंची सकाळ कासवापासून सुरू व्हायची. सहाला मागचं दार उघडायचं. अंगणातली फरशी त्या वेळी पायाला जेमतेम सोसवेल इतकी निवलेली असे. आधी नळीने भिंतीकडेची माती भिजवायची, मग घमेल्यात दोन बोटं कोमट पाणी घेऊन कासवाला त्यात दहा मिनिटं ठेवायचं. पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मग पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि आकडा कॅलेंडरवर. शेवटी गवत, जास्वंदाची पानं आणि वर चिमूटभर अंड्याच्या टरफलाची पूड. फळं नाहीत. पाव तर मुळीच नाही.

हे सगळं आटपेपर्यंत दादा खुर्चीत बसून बघत असायचा.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. त्याने बत्तीस वर्षं बस चालवली. गेल्या थंडीत एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातला वस्तरा खाली पडला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला की कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा तिथेच राही. पाय घासत चाले. शब्दही अडकत. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंनी लग्न केलं नव्हतं. तेव्हा बाई त्याला आपल्या घरी घेऊन आल्या, त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

कासवाचं नाव त्यानेच ठेवलं. "हलत नाही. बोलत नाही. जेवण मात्र... वेळेवर," एकेक शब्द ओढत तो म्हणाला. "साहेबच आहेत."

साहेब आले होते ते बाईंच्या इस्पितळामागच्या एका रिकाम्या घरातून. भाडेकरू घर सोडून गेले आणि गच्चीवर, सावलीचा ठिपका नसलेल्या सिमेंटच्या टाकीत, हे जनावर तसंच ठेवून गेले. झाडूवाल्या मावशींनी ते पाहिलं. "बाई, जिवंत आहे हो अजून. मान हलवतंय," त्या म्हणाल्या. बाई जेवणाच्या सुट्टीत बादली घेऊन गेल्या. पाठ इतकी तापलेली होती की हात भाजला. उजव्या अंगाला, कडेपासून मध्यापर्यंत, बोटभर रुंद भेग गेली होती. बाईंनी त्याला आपल्या टेबलावर ठेवून एक्स-रेचा फोटो काढला. आत सगळं शाबूत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दात भरायला वापरतात तसला पांढरा मसाला भेगेत भरला, आणि साहेब घरी आले.

२

बाई इस्पितळात एक्स-रे काढायच्या. सव्वीस वर्षं त्याच खोलीत, खिडकी नाही, वर एक पंखा. फोटो काढताना शिशाचं एक छोटं अक्षर ठेवावं लागतं, उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला दुसरं. कारण फोटो उलटा धरला तर माणसाचं काही कळत नाही. हाडं दोन्हीकडे सारखीच.

बारा वर्षांपूर्वी एका गर्दीच्या सकाळी बाईंनी एका सुताराच्या गुडघ्याजवळ चुकीचं अक्षर ठेवलं होतं. पुढचं कुणी तपासलं नाही. त्याचा चांगला गुडघा उघडला गेला. तीन महिन्यांनी तो दोन काठ्यांवर बाईंच्या दाराशी आला. ओरडला नाही. "बाई, माझा चांगला पाय होता तो," एवढंच म्हणाला आणि गेला.

चौकशी झाली, ताकीद मिळाली, लोक विसरले. बाई विसरल्या नाहीत. त्या दिवसापासून अक्षर ठेवताना त्या तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "उजवा, उजवा, उजवा." कासवाचा फोटो काढतानाही म्हणाल्या होत्या. मावशी हसल्या होत्या.

३

पारा चढत गेला तसं साहेबांनी बीळ खणायला घेतलं. अंगणाच्या कोपऱ्यात, कपडे धुवायच्या दगडामागे, कुंपणाच्या भिंतीला लागून. बाईंनी डॉक्टरांना फोन केला.

"खणू दे," डॉक्टर म्हणाले. "या दिवसांत वर राहिलं तर भाजून निघेल. त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं."

दहाच्या सुमारास साहेब आत जायचे, पाचला बाहेर यायचे. "साहेब... कचेरीत गेले," दादा म्हणायचा. त्याची खुर्ची बाईंनी दगडाशेजारी, छपराच्या सावलीत हलवली होती. आठ ते तीन बाई कामावर असत. तेवढा वेळ त्याला बघायला काहीतरी होतं.

एका दुपारी त्या घरी आल्या तेव्हा दादा खुर्चीतून वाकून बसला होता. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवला होता.

"अरे, पडशील की."

"गार आहे," तो म्हणाला. "हात घाल, धाकटे. बघ."

बाईंनी हात घातला. खरंच गार होतं. सावलीचा गारवा असतो तसा नव्हे. फ्रिजचं दार उघडल्यावर येतो तसा, आतून बाहेर येणारा. माती ओली होती. बाई जिथली माती भिजवत तिथून ते ठिकाण दहा पावलं लांब होतं.

कुठेतरी जमिनीतला पाइप फुटला असेल, असं त्यांनी ठरवलं. कपडे वाळत घालायची सहा फुटी काठी आणून आत सारली. काठी कुठेही न अडता मुठीपर्यंत गेली. तोंड तर जेमतेम दीड वीत. बाईंनी शेजारच्यांचं दार ठोठावून भिंतीपलीकडचं अंगण पाहून घेतलं. तिथे सगळीकडे सिमेंट होतं, एक चीर नाही, आणि शेजारीण म्हणाली की पाण्याचा पाइप पलीकडच्या गल्लीतून येतो.

काठी बाहेर काढताना आत काहीतरी हललं. हलकंच, लोक झोपलेल्या खोलीत कुणी कूस बदलावी तसं. साहेबच, दुसरं कोण असणार, असं म्हणून बाई आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला.

४

त्यानंतर आठवड्याने, घमेल्यातून काढून पुसताना, बाईंचा हात थांबला.

पांढरा मसाला डाव्या अंगाला होता.

त्यांनी कासव खाली ठेवलं. पुन्हा उचललं. डोकं पुढे, आपल्यापासून लांब. म्हणजे त्याची उजवी ती आपली उजवी. मसाला डावीकडे. तोच आकार, कडेला तोच बारका फाटा, फक्त आरशात पाहावा तसा. काट्यावर ठेवलं. कालचंच वजन, ग्रॅमही इकडचा तिकडे नाही.

"दादा, याची भेग कुठल्या बाजूला होती रे?"

दादाने मान तिरकी करून पाहिलं. "आहे... तिथेच असेल की."

बाई त्या दिवशी कामावर जरा लवकर गेल्या. कासवाची फिल्म त्यांनी कपाटात ठेवली होती. दिव्यासमोर धरली. भेग अक्षराच्या बाजूला, आणि अक्षर उजव्याचं. म्हणजे भेग उजवीकडे होती. किंवा त्या दिवशीही अक्षर चुकलं होतं.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. बाई फिल्म हातात धरून खुर्चीवर बसल्या, आणि बाहेर रांगेतल्या माणसाने दार वाजवेपर्यंत उठल्या नाहीत. उजवा, उजवा, उजवा म्हटल्याचं आठवत होतं. पण म्हणताना हाताने काय केलं, ते हातालाच ठाऊक. एकदा ज्याच्या हातून घडलं त्याने स्वतःची साक्ष काढू नये. चुकलंच असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. असंच असलं पाहिजे.

संध्याकाळी साहेब बिळातून बाहेर आले ते थेट दादाच्या खुर्चीपाशी गेले नाहीत, रोज जायचे तसे. अंगणाच्या मध्यावर थांबले आणि मान पूर्ण बाहेर काढून घराकडे बघत राहिले. पहिल्यांदाच घर बघणाऱ्या पाहुण्यासारखे.

५

त्याच आठवड्यात दादाचं बोट हललं.

चहा पिताना बाईंनी पाहिलं. मांडीवरच्या उजव्या हाताची करंगळी जराशी उचलली गेली आणि खाली आली. बाईंच्या हातातली बशी कलंडली.

"परत कर."

त्याने केलं. बाईंनी पदराने डोळे पुसले तेव्हा दादा म्हणाला, "रडतेस काय. बस थोडीच... सुरू झालीय. नुसता सेल्फ मारला."

रोज थोडं थोडं वाढत गेलं. करंगळी, मग तिच्याशेजारची दोन बोटं. तो दिवसभर हात बिळाच्या तोंडाशी ठेवून बसे. बाईंनी मना केलं नाही. शेक देतात लोक, लेप लावतात, कुणाकुणाला गार पाणीही मानवतं. चार महिने औषधांनी जे झालं नव्हतं ते होत होतं, आणि बाईंना खोलात जायचं नव्हतं. बरं होणाऱ्याला बरं होऊ द्यावं.

एका गुरुवारी त्या साडेतीनला घरी आल्या. खुर्ची दगडापासून हातभर सरकलेली होती. दादा तिच्यात ताठ बसला होता. पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांना ओला चिखल. शर्टाच्या पुढच्या बाजूलाही.

"पडलास?"

"नाही. बसलो होतो," दादा म्हणाला. सरळ, स्पष्ट, न अडखळता. आणि उजव्या हाताने त्याने कपाळावरचा घाम पुसला.

बाईंनी पिशवी खाली टाकली. त्याच्यासमोर उकिडव्या बसून त्यांनी तो हात हातात घेतला. बोटं उघडली, मिटली. पकड घट्ट होती. त्या हसू लागल्या, आणि हसता हसताच त्यांचं लक्ष दुसऱ्या हाताकडे गेलं.

डावा हात मांडीवर पडलेला होता. तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली.

"हा उचल," बाई म्हणाल्या.

"हा कसा उचलेन?" दादा शांतपणे म्हणाला. "हाच तर गेलाय."

६

दुसरा झटका आला असेल. पहिली बाजू सुटली, दुसरी धरली. असं होतं का, बाईंना माहीत नव्हतं. पण कशाचं तरी नाव घेतल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं. सकाळी रिक्षात घालून त्यांनी त्याला आपल्याच इस्पितळात नेलं.

पाळीवरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दादाचे हातपाय तपासले, जुने कागद चाळले, पुन्हा हातपाय तपासले.

"इथे उजवी बाजू लिहिलीय."

"उजवीच गेली होती," बाई म्हणाल्या.

"हे ताजं वाटत नाही हो. स्नायू बघा ना, महिनोन्‌महिने न वापरलेला हात आहे हा." डॉक्टरीणबाईंनी दादाकडे पाहिलं. "काका, तुमची कुठली बाजू गेली होती?"

"डावी," दादा म्हणाला.

"लिहिणाऱ्याने चूक केलेली दिसते. होतं असं." त्यांनी कागदावर काट मारून वर नवीन शब्द लिहिला. "छातीत जरा घरघर आहे. एक फोटो काढून घ्या, तुम्हीच काढा."

बाईंनीच काढला. दादाला फळीसमोर उभं केलं, खांदे पुढे घेतले, उजव्याचं अक्षर उचललं. उजवा, उजवा, उजवा. ज्या हाताने त्याने आदल्या दिवशी घाम पुसला होता त्या हाताच्या बाजूला ते चिकटवलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा जवळ जाऊन बोट टेकवलं.

"श्वास घ्या. धरा."

पडद्यावर चित्र उमटलं. फासळ्या, पाठीचा कणा, खांद्याची हाडं. आणि हृदयाची सावली, उजवीकडे झुकलेली, अक्षराच्या बाजूला.

बाई उठल्या. फळीपाशी गेल्या. अक्षर होतं तिथेच होतं. त्यांनी दादाच्या शर्टावर, उजव्या अंगाला, तळवा टेकवला. ठोके हाताखाली लागत होते. दादा खाली त्यांच्याकडे बघत होता. कनवाळूपणाने, लहान मुलाचं खेळून होईपर्यंत थांबावं तसा. आदल्या दुपारपासून त्याने एकदाही त्यांना धाकटे म्हटलं नव्हतं.

"बाई," मागे दारातून डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अक्षर उलटं लागलं वाटतं."

खोलीत पंखा फिरत होता. सव्वीस वर्षांत इतक्या खात्रीने अक्षर बाईंनी कधीच लावलं नव्हतं. पण खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

त्यांनी कळ दाबून चित्र उलटं केलं आणि अक्षर दुसऱ्या बाजूला घातलं. हृदय डावीकडे आलं. डॉक्टरीणबाई मान हलवून गेल्या.

७

पुढचे चार दिवस घर शांत होतं. दादा वेळेवर उठे, वेळेवर खाई, उजव्या हाताने शर्टाची बटणं लावी. कशाला नाव ठेवत नसे, टिंगल करत नसे. खुर्ची त्याने व्हरांड्यात घेतली होती. अंगणात तो पाऊल ठेवत नव्हता. साहेब शुक्रवारी सकाळी आत गेले ते बाहेर आलेच नव्हते. बाई रोज पानं ठेवत आणि रोज वाळलेली उचलत. एवढ्या उन्हात आठ-आठ दिवस आत राहतात, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

मंगळवारी बाई घरी आल्या तेव्हा अंगणात गवंडी बसून घमेल्यात सिमेंट कालवत होता. हे तेच घमेलं, साहेबांच्या आंघोळीचं.

"मीच बोलावलं," दादा व्हरांड्यातून म्हणाला. "शेजारीणबाईंना सांगून. भिंत खचेल उद्या. बुजवून टाकू दे."

"कासव आत आहे."

"गेलं ते. चार दिवस झाले. वास यायच्या आत बुजवलेलं बरं."

गवंडी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. "काय ते ठरवा, बाई. माल सुकतोय."

"पाचपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

गवंड्याने विडी पेटवली. बाई दगडावर बसल्या. ऊन भिंतीवरून उतरत होतं. दादाची नजर त्यांना मानेवर जाणवत होती, पण त्या वळल्या नाहीत. चार दिवस आपण बिळात हात घातला नाही, एकदा साधी हाकही मारली नाही, हे त्या आता प्रथमच स्वतःशी कबूल करत होत्या. वर घर होतं, चालतंबोलतं माणूस होतं. खाली बघून काय करायचं होतं? दीड वितीच्या भोकातून माणूस जात नाही. हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. माणसाच्या हाडांची रुंदी त्यांच्याइतकी कोण जाणत होतं?

पाचला दहा कमी असताना आतून माती घासल्याचा आवाज आला. हळू, थांबत थांबत. मग साहेबांचं डोकं दिसलं.

ते स्वतः चालत नव्हते. पाय आत घेतलेले होते. डोळे मिटलेले. ते थोडे पुढे सरकत, थांबत, पुन्हा सरकत. मग एकदम बाहेर आले आणि फरशीवर कलंडून थांबले.

बाईंनी उचललं. अंग बर्फासारखं गार, पण हाताच्या उबेने मान हळूच हलली. पाठ ओल्या चिखलाने माखली होती. उजव्या अंगाला चिखलाखाली मसाला पांढरा चमकत होता. आणि मागच्या कडेवर, चिखलात, पाच ओरखडे होते. चार एकाशेजारी एक, पाचवा जाड, जरा खाली, वेगळा.

बाईंनी आयुष्यात हजारो हातांचे फोटो काढले होते. अंगठा कुठे, करंगळी कुठे, हे बघायला त्यांना अक्षर लागत नव्हतं. कुणीतरी मागून ढकललं होतं. डाव्या हाताने.

"झालं ना?" दादा म्हणाला. "आलं बाहेर. आता बुजवू दे."

बाईंनी साहेबांना दगडाच्या सावलीत ठेवलं. "तुम्ही घरी जा," त्या गवंड्याला म्हणाल्या.

"माल फुकट जाईल, बाई."

"जाऊ द्या. तुम्ही जा."

आवाजात काय होतं कोण जाणे, गवंडी थापी उचलून निघून गेला. मालाने भरलेलं घमेलं तिथेच राहिलं. फाटक लागल्याचा आवाज आला.

बाई फरशीवर पालथ्या पडल्या. गालाला चटका बसत होता आणि कपाळाला बिळातला गार वारा लागत होता. त्यांनी हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"दादा," त्या बिळात म्हणाल्या. "मी आहे रे."

बराच वेळ नुसती ओली माती. मग बोटांना बोटं लागली. ती आधी चाचपडली, आणि मग त्यांनी बाईंचा तळवा धरला. पकड अशक्त होती. पण सुटणारी नव्हती.

व्हरांड्यात खुर्ची करकरली. कुणीतरी उठलं, पायरी उतरलं आणि अंगणातून येऊ लागलं. एक पाऊल पडे, दुसरं फरशीवरून घासत येई. कुठला पाय घासतो, ते आवाजावरून कळत नाही.

बाईंनी मान वळवून पाहिलं नाही. त्यांनी हात आणखी थोडा आत सारला आणि मूठ घट्ट केली.